इंदूरच्या सगळ्या पक्षाध्यक्षांना खुलं पत्र: पुढच्या वेळी निवडणूक होणार आहे ना?

प्रति,
इंदूर शहर आणि इंदूर ग्रामीण, दोन्हीकडचे सगळ्या राजकीय पक्षांचे अध्यक्ष
एक प्रत निवडणूक आयोगाला, नुसती माहितीसाठी नाही, कामासाठी पण

नमस्कार साहेब लोकहो,

मी इंदूरजवळच्या राऊला राहते. सरकारी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, आता रिटायर आहे, आणि इंदूर लोकसभेची मतदार आहे १९८४ पासून. म्हणजे पहिलं मत टाकलं तेव्हा लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि सासूबाईंनी मतदान केंद्रापर्यंत हात धरून नेलं होतं, घर चुकेन म्हणून नाही, मत चुकेल म्हणून. हे आधीच सांगते कारण तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच की मॅडम तुम्ही कोणत्या पार्टीच्या. कोणत्याच नाही. आमच्या एका घरात तीन पार्ट्यांची मतं आहेत आणि दिवाळीचा फराळ तरीही एकत्रच होतो.

आता पत्र का लिहायला बसले ते सांगते. विषय २०२४ च्या इंदूर लोकसभेचा, ज्यात समोरच्या मोठ्या पक्षाचा उमेदवारच उरला नव्हता. ते मतदार यादीचं विशेष पुनरीक्षण सुरू झालं तेव्हा बीएलओ मॅडम, म्हणजे आमच्या बूथच्या यादीचं काम बघणाऱ्या, आमच्याकडे फॉर्म देऊन गेल्या, म्हणाल्या २००३ च्या यादीत तुमचं नाहीतर आईवडिलांचं नाव शोधून ठेवा. मग काय, दोन संध्याकाळी आम्ही नवरा-बायको मोबाईलवर त्या जुन्या याद्या उघडून बसलो, अक्षरं पुसट, भाग क्रमांक आठवेना, आडनावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं, आमचे हे तर वैतागून म्हणाले की एवढ्यात पणजोबांची सनद सापडली असती. शेवटी सापडलं. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, सही केली. माझी पुतणी, आमच्या दिरांची मुलगी, बाजूला बसून सगळं बघत होती. २०२४ ला तिचं पहिलं मत होतं. ती म्हणाली, "काकू, आपण मतदार आहोत हे सिद्ध करायला एवढी उठाठेव, आणि समोर उमेदवार राहणार आहे की नाही ते कोण सिद्ध करतं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात तुमच्यातल्याच एका पक्षाचा बूथवाला मुलगा आला होता, चांगला मुलगा आहे, माझाच विद्यार्थी, त्याला मी हेच विचारलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, ती गोष्ट जुनी झाली, सोडा ना आता." तिथे माझं डोकं फिरलं. म्हणून हे पत्र.

जुनी गोष्ट म्हणजे २९ एप्रिल २०२४. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंतची मुदत. मी गच्चीवर बटाट्याचे चिप्स वाळत घालत होते आणि लोकमान्य नगरहून जाऊबाईंचा फोन आला की टीव्ही लावा, काँग्रेसच्या उमेदवाराने नाव मागे घेतलं. मला वाटलं कोणीतरी फेक बातमी फॉरवर्ड केली असेल. तर खरंच. मतदान १३ मेला, म्हणजे अगदी दोन आठवड्यांवर, आणि पंचवीस लाखांच्या वर मतदार असलेल्या मतदारसंघात दोन नंबरच्या पक्षाचा उमेदवार गायब, तोही कुठे हिमालयात नाही गेला, त्याच दिवशी समोरच्या पक्षात, भाजपमध्ये गेला. त्या गृहस्थांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना काय अडचण होती, कोणी काय सांगितलं, ते मला माहीत नाही आणि मी अंदाजही करणार नाही. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच आहे, तुमच्याशी आहे, तुम्हा सगळ्यांशी.

तुम्ही म्हणाल, मॅडम, इंदूर तर भाजपचा गड आहे, उमेदवार असता तरी निकाल तोच लागला असता. बरोबर, लागला असता. पण या सीटचा इतिहास तुम्हाला माहीत आहे का? माझ्या पुतणीला नव्हता, म्हणून तिला सांगितला, तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या ऑफिसात भिंतीवर फोटो खूप आहेत पण ही यादी मला कुठे दिसली नाही.

१९५२ ला काँग्रेसचे नंदलाल जोशी, १९५७ ला काँग्रेसचेच कन्हैयालाल खादीवाला. तेव्हासुद्धा लोक म्हणत असतीलच की हा काँग्रेसचा गड आहे. आणि मग १९६२ आलं. होमी दाजी अपक्ष उभे राहिले, कम्युनिस्टांचा माणूस, मिल कामगारांचा नेता. माझे सासरे तेव्हा परदेशीपुऱ्यात राहायचे, मिलमध्ये होते, तिशीच्या आतले. ते सांगायचे की आमच्या मराठी आळीत अर्ध्या बायकांना वाटायचं हे कोणी मराठी दाजीसाहेब असतील, आणि निघाले पारशी! तीन पाळ्यांच्या मिल, एक पाळी सुटली की गेटवर सभा, दुसरी सुटली की परत सभा, आणि सासरे काही कम्युनिस्ट वगैरे नव्हते हां, गळ्यात माळ, एकादशी करणारा माणूस, पण म्हणायचे त्या वर्षी पहिल्यांदा वाटलं की आपण हलवलं तर दिल्लीतली खुर्ची हलते. दाजी जिंकले. अपक्ष, इंदूरहून, काँग्रेसच्या ऐन भरातल्या काळात.

पुढच्याच वेळी, १९६७ ला, काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींनी सीट परत घेतली. १९७१ ला परत तेच, मग १९७२ ला ते मुख्यमंत्री झाले म्हणून पोटनिवडणूक, त्यात रामसिंहभाई वर्मा आले, तेही कामगारांमधलेच, फक्त दुसऱ्या युनियनचे. १९७७ ला जनता लाटेत कल्याण जैन. १९८० ला आणि १९८४ ला पुन्हा सेठी, मधल्या काळात देशाचे गृहमंत्री राहिलेला माणूस. माझं पहिलं मत त्या ८४ च्या निवडणुकीत. कोणाला दिलं ते सासूबाईंना वाटतं ते नाही, एवढंच सांगते, त्या आता नाहीत म्हणून सांगू शकते.

आणि १९८९. भाजपच्या सुमित्राताई महाजन. चिपळूणची लेक, इंदूरची सून, चार वर्षांपूर्वीच विधानसभेला हरलेल्या, आणि समोर सेठी. काय सांगू तुम्हाला, रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत मराठी घरांमध्ये हळदीकुंकवाला दुसरा विषय नव्हता. पण नुसत्या मराठी मतांनी इंदूर जिंकता येत नाही, आम्ही आहोत तरी किती, ताई जिंकल्या त्या सगळ्या इंदूरच्या ताई झाल्या म्हणून. मग ९१, ९६, ९८, ९९, २००४, २००९, २०१४. आठ वेळा सलग. शेवटी लोकसभेच्या अध्यक्ष. २०१९ ला पक्ष इंदूरचा उमेदवार जाहीर करेना तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच पत्र काढलं, की हा निर्णय घ्यायला एवढा संकोच का, मी लढत नाही, तुम्ही मोकळेपणाने ठरवा. मला ते पत्र आवडलं होतं. जे काय असेल ते लिहून, सही करून, वेळेत. अर्ज भरायच्या आधी. हे "वेळेत" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण या आठ विजयांत एक २००९ चाही आहे, आणि तो कोणी आठवत नाही. मी आठवते कारण मी ड्यूटीवर होते. देपालपूरकडच्या एका गावात, शाळेच्याच खोलीत बूथ, मे नसला तरी ऊन मेचंच, पंखा होता पण लाईट नव्हती. माझं काम शाई लावायचं आणि घुंघट घेतलेल्या बायकांची ओळख पटवायचं. दोन्ही मोठ्या पक्षांचे पोलिंग एजंट सख्खे मामा-भाचे. सकाळी मॉक पोलला, म्हणजे मतदानाआधीच्या मशीनच्या चाचणीला, दोघं डोळ्यात तेल घालून मशीन बघत होते, दिवसभर एकेका नावावर हुज्जत, "ही तर नांदायला गेली, हिचं मत इथे कसं," "अहो बाळंतपणाला आली आहे, बघा पोट." दुपारी एकाच डब्यातून दाल-बाटी खाल्ली. संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर किती मतं पडली त्याचा फॉर्म १७-सी दोघांनी घेतला, आकडा दोनदा मोजला, सह्या केल्या, आणि मामा भाच्याला म्हणाला की यावेळी काही खरं नाही. खरंच नव्हतं. ताई त्या वर्षी जिंकल्या फक्त ११,४८० मतांनी, समोर देपालपूरचेच सत्यनारायण पटेल. एवढ्या मोठ्या मतदारसंघात अकरा हजार म्हणजे काय? प्रत्येक बूथवर पाच-सात मतांचा फरक. पाच वर्षांनी २०१४ ला तोच फरक झाला ४ लाख ६६ हजारांचा, आणि २०१९ ला भाजपचेच शंकर लालवानी आले ते ५ लाख ४७ हजारांनी.

म्हणजे बघा, गड वगैरे जे म्हणता ना, तो कधी ना कधी कोणाचा तरी असतोच. काँग्रेसचा होता, मग लाल झेंड्याचा झाला, परत काँग्रेसचा, जनताचा, पुन्हा काँग्रेसचा, मग भाजपचा. प्रत्येक वेळी समोर कोणीतरी उभा होता, हरणाराही शेवटपर्यंत उभा होता, म्हणून बदलायची तेव्हा बदलली. २०२४ ला पहिल्यांदा असं झालं की समोरचा माणूसच नाही.

आता तक्रारी. एकेकाला सांगते.

आधी काँग्रेसवाल्यांना. उमेदवार तुम्ही निवडला. ठीक, माणूस ओळखण्यात चूक होते, आमच्याही घरात स्थळं बघताना झाली आहे. पण पर्यायी उमेदवाराचं काय? मी ड्यूटीच्या ट्रेनिंगमध्ये हे नियम ऐकलेले आहेत म्हणून बोलते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक, म्हणजे नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, बाकी कोणालाही दहा लागतात. पर्यायी उमेदवाराचा फॉर्म तुम्ही पक्षाच्या भरवशावर भरता, मग छाननीत मुख्य उमेदवार पास झाला की पर्यायीचा फॉर्म आपोआप बाद, कारण एका पक्षाचा एकच माणूस आणि अपक्ष म्हणून टिकायला दहा सह्या नाहीत. झालंही तेच. तुमचे पर्यायी उमेदवार मग हायकोर्टात गेले, तिथे काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. साहेब, दहा सह्या! पंचवीस लाखांच्या मतदारसंघात शंभर वर्षं जुन्या पक्षाला दहा सह्या जास्तीच्या घेता आल्या नाहीत? आमच्या कॉलनीत गणपतीच्या वर्गणीला मी एका संध्याकाळी चाळीस सह्या घेते. आणि तुमचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष तर आमच्याच राऊचे, दोनदा आमदार राहिलेले. त्यांच्या स्वतःच्या घराच्या बूथवर त्यांच्या पक्षाचं बटण नव्हतं.

आणि मग तुम्ही काय सांगितलंत, नोटा दाबा, म्हणजे "यांपैकी कोणीही नको" हे बटण. उरलेल्यांपैकी एखाद्याच्या पाठीशी उभं राहता आलं असतं, गावागावात जाऊन चूक कबूल करता आली असती. नोटाचं आवाहन करायला ना गाडी लागते ना घोषणापत्र.

आता भाजपवाल्यांना. तुमच्यावर माझा राग थोडा जास्त आहे, कारण आमच्या घरातली दोन मतं वर्षानुवर्षं तुमची आहेत. २०२३ ला जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ विधानसभा तुमच्या. लोकसभा आधीच्या वेळी साडेपाच लाखांनी. मग छाननी झाल्यावर समोरच्याचा उमेदवार आपल्यात घ्यायची एवढी काय गरज पडली? ताईंनीसुद्धा तेव्हा उघड म्हटलं होतं की असं व्हायला नको होतं, याची गरजच नव्हती. मी नवीन काही बोलत नाही, तुमच्याच घरातल्या मोठ्या माणसाचं सांगते. कोणी कुठल्या पक्षात जावं हा त्याचा प्रश्न, निकाल लागल्यावर ५ जूनला या, हारतुरे घाला, बँड लावा. पण अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दुपारी नाही. आमचे हे, जे तुमचेच मतदार, १३ मेला मत देऊन आले आणि म्हणाले, "जिंकलो पण कोणाशी खेळलो तेच कळलं नाही." आमच्या ह्यांना राजकारणावर फार बोलायची सवय नाही. हे एवढं बोलले.

छोट्या पक्षांना आणि अपक्षांना पण. मशीनवर १४ नावं होती, पंधरावं बटण नोटाचं. मी उरलेल्या तेरांपैकी एकाचाही चेहरा राऊमध्ये पाहिला नाही. पॅम्फ्लेट नाही, रिक्षावरचा भोंगा नाही, बूथबाहेर पर्ची द्यायला टेबल नाही, आमच्या केंद्राबाहेर त्या दिवशी एकच टेबल होतं, नेहमी दोन असतात आणि त्यांच्यात पाण्याच्या जारवरून तू-तू मैं-मैं होते. तेरांचीही अनामत जप्त झाली. तुम्हाला इतकी मोकळी जागा पुन्हा मिळणार नव्हती आणि तुम्ही ती वापरलीच नाही.

निकाल सगळ्यांना पाठ आहे तरी लिहिते. लालवानी १२,२६,७५१. नोटा २,१८,६७४. बसपाचे उमेदवार ५१,६५९. लीड धरलं गेलं बसपापासून, कारण नोटा हा उमेदवार नाही, म्हणून ११ लाख ७५ हजारांचा विक्रम. आणि नोटाचा पण विक्रम. आधीचा देशातला विक्रम होता बिहारच्या गोपालगंजचा, २०१९ ला ५१,६६०. आता गंमत बघा, आमच्याकडे जो माणूस दोन नंबरवर आला त्याला त्या जुन्या नोटाच्या विक्रमापेक्षा एक मत कमी पडलं. गणिताची शिक्षिका असल्यामुळे असलं काही दिसलं की मला राहवत नाही. मतदान पण घसरलं, २०१९ ला ६९ टक्क्यांच्या आसपास होतं, यावेळी सात-आठ टक्क्यांनी खाली.

मी स्वतः काय केलं तेही सांगते, गुपित माझं आहे, मी उघड करू शकते. मी नोटा दाबलं. सात सेकंद ती चिठ्ठी काचेमागे दिसते ना, ती बघत उभी राहिले. चाळीस वर्षांत इतकं रिकामं मत मी कधी टाकलं नव्हतं. माझी पुतणी बाहेर आली, शाईचं बोट वर करून सेल्फी काढायची तिची आधीपासून हौस होती, काढला नाही. म्हणाली, "काकू, हे तर ऑनलाईन सामान मागवल्यावर फीडबॅक विचारतात तसं वाटलं. भरला फॉर्म, पुढे काय?" पुढे काहीच नाही बाळा. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला नोटा दिलं, त्याच वर्षीच्या विधानसभेत आपल्या मध्य प्रदेशात ते पहिल्यांदा वापरलं गेलं, पण त्याने निकालाला काही होत नाही, सगळ्यात जास्त पडलं तरी उमेदवारांमध्ये पहिला तोच विजयी.

अजून एक, आणि हे गावाकडच्यांच्या वतीने, कारण ते लिहिणार नाहीत. इंदूर लोकसभा म्हणजे राजवाडा, छप्पन दुकान आणि सफाईचा पहिला नंबर एवढंच नाही. आठ विधानसभांपैकी पाच शहराच्या, बाकी देपालपूर, सांवेर आणि आमचं राऊ, म्हणजे अर्धं गाव अर्धं शहर, इकडे कॉलनीच्या गेटवर गार्ड आणि पलीकडे लसणाचं शेत. निवडणूक हा एकच महिना असतो जेव्हा उमेदवाराला बेटमा, गौतमपुऱ्यापर्यंत यावंच लागतं आणि चारपाईवर बसून ऐकून घ्यावं लागतं. रिंग रोडसाठी ज्यांच्या जमिनी जाणार होत्या ते शेतकरी विचारणार होते, मोबदला कसा धरणार. आम्ही मराठी लोक पिढ्यान्पिढ्या विचारतोय तो इंदूर-मनमाड रेल्वेचा प्रश्न होता. त्याला मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये, ३०९ किलोमीटर, चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही, पण एप्रिल-मेमध्ये ते विचारायला समोर दोघं हवे होते, एक सांगणारा आणि एक त्याला टोकणारा. तो महिना आमच्याकडे आलाच नाही. भोंगे वाजले, पण निवडणूक आली नाही.

माझी नणंद महूला असते. राऊहून बसने अर्ध्या तासात. जिल्हा आमचाच, इंदूर, पण लोकसभा तिची धार, परिसीमनात, म्हणजे मतदारसंघांच्या नव्या आखणीत, तसं बसलं. आम्ही तिला नेहमी चिडवायचो की तुझा खासदार कुठला तर धारचा. २०२४ ला एकाच दिवशी, १३ मेला, दोघींनी मत टाकलं. तिच्याकडे रीतसर लढत झाली, दोन्ही पक्ष दारात येऊन गेले. रात्री फोनवर तिने मला विचारलं, "वहिनी, तुझ्याकडे काय झालं?" आता ती चिडवते.

आयोगाला जे विचारायचं ते हे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात, १९५१ च्या, कलम ५२ आहे. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानाआधी मरण पावला तर मतदान पुढे ढकललं जातं आणि त्या पक्षाला दुसरा उमेदवार द्यायला सात दिवस मिळतात. म्हणजे उमेदवार मेला तर मतदाराचा विचार होतो, आणि पळाला तर नाही. सात दिवस थांबायची सोय कायद्यात आधीच आहे, मशीनरीला जमते, मग फक्त तिरडीसाठीच का? मला माहीत आहे कायदा आयोग बदलत नाही, संसद बदलते. पण आयोग सरकारला सुधारणा सुचवू तर शकतो, आधी सुचवलेल्या पण आहेत. आणि संसदेत आमचा माणूस बसलेला आहे, ११ लाख ७५ हजारांच्या लीडने, त्याच्याकडून आता हे मागायला हरकत नसावी.

मागण्या फार नाहीत.

पक्षांकडून दोन. पुढच्या लोकसभेला, २०२९ असो की कधीही, पर्यायी उमेदवाराचा फॉर्म दहा प्रस्तावकांसकट भरा, आणि अर्ज मागे घ्यायची वेळ टळेपर्यंत तो जिवंत ठेवा. एक माणूस गेला तर दुसरा मशीनवर राहील, चिन्ह नसेल कदाचित, नाव तरी असेल. कमी पडल्या तर सही द्यायला मी येते, कोणत्याही पक्षाला, फक्त एकाच फॉर्मवर करेन. दुसरी, सगळ्यांनी मिळून लिहून द्या की छाननीपासून निकालापर्यंत समोरच्या पक्षाचा उमेदवार आपल्यात घेणार नाही. कायद्यात नाही बसत हे मलाही कळतं. आपसात बसतं. गावात मामा-भाच्यांचं बसतं.

उमेदवारांकडून एक. सगळे उमेदवार एका मंचावर, एकदा देपालपूरला, एकदा सांवेरला, एकदा राऊला. प्रश्न लोक विचारतील. हॉलची सोय आम्ही रिटायर्ड शिक्षक मंडळी करू, चहा-पोहे आमच्याकडून, सेव वेगळी मागू नका.

आयोगाकडून आणि खासदारांकडून: कलम ५२ मध्ये मृत्यूसोबत छाननीनंतर अर्ज मागे घेणंही यावं, यासाठी लेखी प्रस्ताव. आणि नोटाला काहीतरी दात द्या. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी ठरवलंय की नोटा पहिलं आलं तर निवडणूक परत घ्यायची. आमच्याकडे ते दुसरं आलं होतं, त्यामुळे त्या नियमानेसुद्धा २०२४ चा निकाल बदलला नसता, ते मला कळतं. तरी पाहिजे.

तुमच्या त्या बूथवाल्या मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तो पुढच्या महिन्यात मतदार यादीच्या कामाला परत येणार आहे म्हणाला. तेव्हा त्याच्याच हाती तुमचं उत्तर पाठवलं तरी चालेल, मराठीत नको, हिंदीत द्या, फक्त लेटरहेडवर आणि सहीनिशी द्या. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेला फोटो नको.

कळावे,
राऊ विधानसभेतली एक मतदार, रिटायर्ड गणित शिक्षिका